आढे चढण्यापूर्वी

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. तीत घर बांधणाऱ्याच्या दगदगीचा व खर्चाचा निर्देश आहे आणि तो यथार्थही आहे. चिरे किती लागले, लाकूड कोणत्या भावाने पडले, सुतार किती दिवस आलाच नाही, ह्याचा हिशेब प्रत्येक गृहस्थ बारकाईने ठेवतो व पुढे अनेक वर्षे तो आल्यागेल्यास सांगतही असतो. परंतु ज्यांनी ते घर आपल्या हातांनी उभे केले, त्यांच्या हातापायांचा हिशेब कोणत्याही वहीत सहसा सापडत नाही. छपरावर कोण चढले, ते कशाच्या आधारावर उभे राहिले आणि संध्याकाळी धडधाकट खाली उतरले की नाही, हा प्रश्न मिस्त्रींचा, आपला नव्हे, अशी आपली एक सोईस्कर समजूत असते. ती समजूत आमचीही होती. ती कशी दूर झाली व तिची किंमत कोणास द्यावी लागली, हे वाचकांपुढे मांडावे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. श्रीवर्धन, मुरुड ह्या बाजूच्या नारळी-पोफळीच्या बागा त्या एका दुपारी आडव्या झाल्या आणि हजारो घरांची छपरे उडाली. त्याच पट्ट्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. आम्ही तिघे बंधू नोकरी-व्यवसायानिमित्त पुण्यामुंबईस असतो. परंतु मातोश्रींचा जीव त्या घरात, आणि गणपतीस सर्व कुटुंब तेथे जमते. भिंती जांभ्या चिऱ्याच्या होत्या, त्या टिकल्या; छप्पर मात्र मधल्या घरावरून पुरते गेले. सिमेंटची गच्ची घालावी असे एक मत निघाले, पण मातोश्रींच्या इच्छेनुसार पूर्वीसारखेच लाकडी कैच्यांवर मंगलोरी कौलांचे छप्पर करण्याचे ठरले. सर्वांच्या सुट्यांचा मेळ घालून मार्गशीर्षातला एक दिवस आढे चढविण्यास मुक्रर केला. येथेच आमची पहिली चूक झाली. पण ती कळण्यास कैचीची प्रकृती थोडी समजून घेतली पाहिजे.

कैचीचे बळ व तिचे वैगुण्य

कैची हा लाकडाचा त्रिकोण होय. खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवी तुळई, तिच्या दोन्ही टोकांपासून वर जाऊन माथ्याशी मिळणारे दोन तिरपे वासे, मध्यभागी माथ्यापासून तुळईपर्यंत येणारा उभा खांब, आणि त्या खांबाच्या पायापासून वाशांस टेका देणारे दोन तिरपे तुकडे, अशी तिची साधी रचना असते. इंग्रजी अमदानीतील अभियंते हिला ‘किंग पोस्ट’ कैची म्हणत. पाच ते आठ मीटर रुंदीच्या घरास ती सामान्यतः पुरते. पुष्कळांस वाटते की, मधला खांब तुळईवर उभा राहून माथा उचलून धरतो. वस्तुतः प्रकार उलटा आहे. तो खांब माथ्यापासून लोंबतो व तुळईस मधोमध वर धरतो. वासे खाली सरकून भिंती बाहेर ढकलू पाहतात, त्यांस तुळई दोन्ही टोकांनी आत ओढून धरते. म्हणून जुन्या घराची दुरुस्ती करताना ‘ही तुळई डोक्यास लागते, थोडी कापू या’ असे जो म्हणतो, तो आपल्याच घराच्या भिंती बाहेर लोटण्याचा बेत करीत असतो.

त्रिकोणाचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या बाजू मोडल्यावाचून त्याचा आकार बदलत नाही. त्यामुळे कौलांचे ओझे वरून आले असता कैची ते सहज पेलते. हे ओझेही लहान नसते. बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरास कारखाना काढल्यापासून जी कौले त्या गावाच्या नावाने ओळखली जातात, त्यांतील एकेक कौल दोन ते तीन किलो वजनाचे असते, व एका चौरस मीटरला अशी सुमारे पंधरा कौले लागतात. आमच्या मधल्या घराच्या नव्वद चौरस मीटर छपरावर साडेतेराशेच्या आसपास कौले चढली, म्हणजे तीन टनांहून अधिक भार झाला. पाच कैच्या तो भार आज निमूटपणे वाहत आहेत.

परंतु हे सारे बळ वरून खाली येणाऱ्या भाराविरुद्ध आहे. बाजूने लागणाऱ्या धक्क्यापुढे एकटी कैची अत्यंत दुबळी असते. आमची प्रत्येक कैची वीस फूट लांब, मध्यभागी साडेपाच फूट उंच आणि दीड-दोनशे किलो वजनाची होती. तिची जाडी मात्र अवघी चार इंच. म्हणजे साडेपाच फूट उंचीची जड वस्तू चार इंचांच्या पायावर, तीही बारा फूट उंच भिंतीवर, उभी करावयाची. जेवणाचा पाट कडेवर उभा करून पाहावा. एक बोट लागताच तो आडवा होतो. कैचीची स्थिती ह्याहून वेगळी नाही. पाट पडला तर आवाज होतो, कैची पडली तर माणूस जातो, एवढाच फरक.

छप्पर पुरे झाले म्हणजे आढे, पाख्यांवरच्या रिपा, कौले व कैच्यांमधल्या तिरप्या पट्ट्या ह्या सर्वांनी मिळून कैच्यांस जखडून टाकलेले असते आणि मग ही भीती उरत नाही. पहिली कैची उभी राहिल्यापासून शेवटची पट्टी ठोकली जाईपर्यंतचा जो काळ, तोच धोक्याचा. पुरे झालेले छप्पर स्वतःस सांभाळते. अर्धवट छपरास दुसऱ्याने सांभाळावे लागते. हे सांभाळण्याचे काम धिरे आणि तात्पुरत्या पट्ट्या करतात. काम संपल्यावर त्या काढून टाकावयाच्या असतात, म्हणून घरधन्यास त्या फुकटचा खर्च वाटतात. सर्व अनर्थाचे मूळ ह्या वाटण्यात आहे.

त्या सकाळी काय झाले

मुहूर्ताच्या आदल्या सायंकाळी मिस्त्री ओटीवर आले. ते आमच्या वडिलांच्या वेळेपासून घरचे सुतार. ते म्हणाले, “भाऊ, आधी धिरे, मग आढे. बांबू अजून आलेले नाहीत. एक दिवस द्या.” उद्या पाहुणे येणार, जेवणावळीची तयारी झालेली, आम्ही उत्तर दिले, “मिस्त्री, मुहूर्त टळता कामा नये. आढे एकदा चढू द्या, धिरे मागाहून सावकाश लावा.” मिस्त्री थोडा वेळ उभे राहिले व काही न बोलता गेले. त्यांनी आग्रह धरावयास हवा होता असे पुढे काहींनी म्हटले. आमचे मत तसे नाही. ज्याची मजुरी आपल्या हाती आहे, त्याने आपल्या घाईपुढे दुसऱ्यांदा तोंड उघडावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

सकाळी पहिली कैची पश्चिमेकडच्या भिंतीजवळ उभी केली आणि हाताशी असलेल्या एकाच बांबूचा तीस एका बाजूने टेकू दिला. दुसरी उभी राहिली, तिचा माथा पहिलीच्या माथ्यास एका रिपेने जोडला. तिसरीही तशीच जोडली. दिसावयास तीनही कैच्या ओळीने झकास उभ्या होत्या आणि अंगणात जमलेली मंडळी कौतुकाने पाहत होती. चौथी कैची दोरखंडाने वर ओढली जात असता वाऱ्याने किंचित फिरली व तिचे टोक तिसरीस लागले. धक्का मोठा नव्हता. तिसरी कलली, माथ्याच्या रिपेने तिने दुसरीस ओढले, दुसरीने पहिलीस ओढले. पहिलीचा बांबू ढकलण्यास विरोध करू शकत होता, ओढण्यास करू शकत नव्हता. त्याची दोरी सुटली, आणि तीनही कैच्या एकामागून एक पूर्वेस कोसळल्या.

तिसऱ्या कैचीजवळ भिंतीवर मिस्त्रींचा पुतण्या बसला होता. वय एकोणीस. तो कैचीबरोबर आत माजघराच्या जमिनीवर पडला. बारा फुटांवरून पडणाऱ्या माणसास जमिनीशी पोचण्यास एक सेकंदही लागत नाही, व त्या वेळी त्याचा वेग ताशी तीस किलोमीटरांच्या घरात गेलेला असतो. सावध होण्यास, काही धरण्यास, अवसरच नसतो. त्याच्या मांडीचे हाड मोडले. डोके तुळईपासून वीतभर अंतरावर आपटले नाही, ह्यात आमच्या शहाणपणाचा भाग काडीइतकाही नव्हता. पाने मांडलेली तशीच राहिली. सायंकाळी तो रुग्णालयात सुखरूप असल्याचे कळल्यावर मातोश्री आम्हांस एवढेच म्हणाल्या, “मुहूर्त पुन्हा काढता येतो रे.”

हात धरून उभ्या राहिलेल्या कैच्या

आमचा एक चुलतभाऊ बांधकामाचा अभियंता आहे. तो दोन दिवसांनी आला आणि पडलेली लाकडे, सुटलेले खिळे, बांबू, सर्व पाहून त्याने जे समजावून सांगितले, ते प्रत्येक घरधन्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कैच्या एकमेकींस जोडल्या म्हणजे त्या सुरक्षित झाल्या, हा मोठा भ्रम आहे. ओळीने उभ्या असलेल्या मुलींनी एकमेकींचे हात धरले आणि सगळ्याच एका पायावर उभ्या असल्या, तर एकीचा तोल गेल्याबरोबर सर्व जणी पडतात. हात धरल्याने पडणे टळत नाही, उलट ते सर्वांस पोचते. आडव्या पट्ट्या कैच्यांतील अंतर कायम राखतात, पण त्यांस जमिनीशी बांधीत नाहीत. चार आडव्या-उभ्या काठ्यांची चौकट खिळ्यांनी जोडून बाजूने ढकलली तर ती सहज तिरकी होते. तिच्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी ठोकली की दोन त्रिकोण होतात व चौकट हलत नाही. ज्या त्रिकोणाने कैचीस वरच्या भाराविरुद्ध बळ दिले, तोच त्रिकोण कैच्यांच्या ओळीत आडव्या धक्क्याविरुद्ध द्यावा लागतो. आमच्या तीन कैच्यांमध्ये असा एकही त्रिकोण नव्हता.

हा नियम आमच्या कोकणापुरता नाही. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात दातेरी लोखंडी पत्र्यांनी सांधलेल्या हलक्या लाकडी कैच्या कारखान्यांत बनू लागल्या व घरोघर वापरल्या जाऊ लागल्या. त्या आमच्या कैच्यांहून कितीतरी पातळ, अवघ्या दीड इंच जाडीच्या असतात. त्यामुळे त्या उभ्या करताना ओळीच्या ओळी कोसळण्याचा धोका तेथे नित्याचाच. तेथील धंद्याच्या मार्गदर्शक पुस्तिकांतही पहिला धडा हाच असतो की, पहिली कैची पक्की बांधल्यावाचून दुसरीस हात लावू नये; कारण मागाहून येणाऱ्या सर्व कैच्या तिच्याच भरवशावर उभ्या राहावयाच्या असतात. आमच्या मिस्त्रींचे ‘आधी धिरे’ हे दोन शब्द म्हणजे त्याच धड्याचे सार होते.

दुसऱ्या वेळी काम कसे झाले

पंधरा दिवसांनी काम पुन्हा सुरू झाले. ह्या खेपेस मुहूर्त आधी काढला नाही. गुरुजींनीच सांगितले की, मिस्त्रींची तयारी झाली म्हणजे कळवा, मग दिवस पाहू. काम ज्या क्रमाने झाले तो क्रम येथे देतो. घर बांधणाऱ्याने तो समजून घेतला तर निदान काय चुकत आहे हे त्यास अंगणात उभे राहून ओळखता येईल.

भिंतींच्या आतल्या बाजूने प्रथम परांची बांधली. तिच्यावर फळ्या अंथरून कडेने कमरेइतक्या उंचीवर आडवा बांबू लावला. त्यामुळे माणसास भिंतीच्या माथ्यावर बसून किंवा तुळईवर चालून काम करण्याची गरजच राहिली नाही. भिंतीचा माथा व नुसती तुळई ह्या उभे राहण्याच्या जागा नव्हेत.

कैच्या जमिनीवर सपाट जागी जोडून, सांधे तपासून मगच उचलल्या. उचलताना दोर माथ्याशी एकाच ठिकाणी न बांधता दोन्ही वाशांवर बांधला आणि कैचीच्या दोन्ही टोकांस एकेक लांब दोरी लावून ती खालच्या माणसांच्या हाती दिली. आदल्या वेळी ह्या दोन दोऱ्या असत्या, तर वाऱ्याने चौथी कैची फिरली नसती.

पहिली कैची उभी करून ओळंब्याने सरळ केली व तीस दोन्ही बाजूंनी धिरे दिले. धिऱ्यांची खालची टोके जमिनीत पुरलेल्या खुंटांस खिळ्यांनी व दोराने जखडली. दोन्ही बाजूंनी धिरे असले म्हणजे कैची कोणत्याही दिशेस कलू लागो, एकतरी धिरा दाबाखाली येऊन तीस थोपवितो. चिऱ्याच्या त्रिकोणी भिंतीस कैची टेकवून भागविण्याची सूचना एकाने केली, ती मिस्त्रींनी मानली नाही. एकटी उंच भिंत स्वतःच आडव्या धक्क्यास कच्ची असते. तिने कैचीस धरावे की कैचीने तीस धरावे, हा प्रश्न पडेल, असे ते म्हणाले.

दुसरी कैची ठरल्या अंतरावर उभी करून, वरचा दोर सैल करण्यापूर्वीच, पहिलीस जोडली. माथ्याशी, दोन्ही पाख्यांच्या मध्यावर आणि खाली तुळईवर अशा पट्ट्या लावल्या व प्रत्येक सांध्यात निदान दोन खिळे मारले. एकाच खिळ्याभोवती पट्टी फिरते, दोघांभोवती फिरू शकत नाही. तिसरी उभी राहताच पाख्यावरून तिरप्या पट्ट्या आणि कैच्यांच्या मधल्या खांबांमध्ये फुलीसारख्या पट्ट्या ठोकल्या. इतके झाल्यावर चौथीस हात लावला. दुपारी खारा वारा वाढला तेव्हा मिस्त्रींनी काम थांबविले, आणि आम्ही घड्याळ पाहिले नाही. तात्पुरती पट्टी काढावयाची ती कायमची पट्टी बसल्यावरच, हा दंडक शेवटपर्यंत पाळला.

कौले चढवितानाही एक सावधगिरी लागते. एका पाख्यावर ढीग करून दुसरे पाखे रिकामे ठेवले, तर कैच्यांवर एकांगी भार पडतो. म्हणून वळचणीपासून आढ्याकडे, दोन्ही पाख्यांवर सारखीच, थोडी थोडी कौले चढविली. हाच नियम दरवर्षी पावसापूर्वी घर शाकारतानाही पाळावा.

डोक्यावर टोपी व अंगावर पट्टे हेही आम्ही आणविले. पडणाऱ्यास धरावयाचा पट्टा खांदे व मांड्या ह्यांभोवती येणारा असावा. नुसत्या कमरेच्या पट्ट्याने झटका बसून पोटास व पाठीस इजा होते. आणि तो बांधावयाचा कशास, हा प्रश्न पट्ट्याहून महत्त्वाचा आहे. आधार न दिलेल्या कैचीस स्वतःस बांधून घेणारा माणूस तिच्याबरोबर खाली येतो. त्या पोरास त्या दिवशी पट्टा असता आणि तो तिसऱ्या कैचीस बांधलेला असता, तर काय झाले असते ह्याची कल्पनाही करवत नाही.

इतके करूनही अपघात झालाच, तर पडलेल्यास घाईने उठवून बसवू नये; पाठीचा कणा दुखावला असल्यास त्या उठविण्यानेच कायमचे अपंगत्व येऊ शकते. त्यास आहे तसा स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्तस्राव होत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. तोंडात पाणी घालण्याचा मोह आवरावा.

कायदा उंबऱ्यापाशी थांबतो

येथे कोणी विचारील की, ह्यासाठी सरकारचे नियम नाहीत काय? आहेत. बांधकाम कामगारांसाठी संसदेने १९९६ साली स्वतंत्र अधिनियम केला व त्याखालील नियमांत परांची, शिड्या, उंचीवरील काम ह्यांविषयी तपशीलवार तरतुदी आल्या. परंतु दहांहून कमी कामगार असलेल्या कामास तो अधिनियम लागू नव्हता, आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम करविणाऱ्या गृहस्थासही त्यातून वगळले होते. पुढे २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा अधिनियम सामावून घेण्यात आला. तीतही राहत्या घरास खर्चाच्या एका मर्यादेपर्यंत अशीच सूट ठेवलेली आहे. आमच्या घरी मिस्त्री धरून सहा माणसे होती. म्हणजे ज्या ठिकाणी तो मुलगा पडला, तेथे पाहावयास कोणताही निरीक्षक येणार नव्हता.

ही सूट सामान्य गृहस्थास कागदपत्रांचा जाच होऊ नये म्हणून दिलेली असणार, आणि ती मोठी कृपाच आहे. पण तिचा अर्थ असा होतो की, आपल्या अंगणापुरते कायद्याचे काम आपल्याकडे सोपविलेले आहे. निरीक्षक येणार नाही, तेथे घरधन्याने निरीक्षक व्हावे. आणि घरधनी आमच्यासारखा घायकुता असेल, तर घरातील दुसऱ्या कोणी व्हावे. आमच्या घरी हे काम पुढे थोरल्या वहिनींनी केले. रोज सकाळी त्या चहा घेऊन जात आणि मिस्त्रींस तीनच प्रश्न विचारीत: आज काय हवे होते ते सर्व आले का? कालचे काही काढले का, आणि काढले असेल तर त्याच्या जागी काय लावले? आज उंचावर कोण आहे, व त्याची झोप-जेवण झाले आहे ना? ह्या प्रश्नांस अभियंत्याची पदवी लागत नाही. परंतु पहिल्याच दिवशी ते विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, “वहिनी, चाळीस वर्षांत हे कुणी पुसले नव्हते.” मुलांस व पाहुण्यांस कैच्यांखाली व त्यांच्या पडण्याच्या टप्प्यात फिरकू न देणे, हेही त्यांनीच पाहिले. कामगारांची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे की नाही ह्याची चौकशीही त्यांनीच केली. सहापैकी एकाचीही नव्हती. वर्षातून नव्वद दिवस असे काम केलेल्या कामगारास ती करता येते, हे त्यांपैकी कोणास ठाऊकच नव्हते.

खर्चाविषयी दोन शब्द. धिरे, परांची व पट्ट्या ह्यांपायी दीड दिवस अधिक लागला. बांबू विकत आणावे लागले. ते पुढे परसात पडवळीच्या मांडवास उपयोगी पडले. तात्पुरत्या पट्ट्यांपैकी बऱ्याच रिपा म्हणून छपरातच गेल्या. ह्याउलट त्या दिवशी जे मोडले त्याची भरपाई करण्यास पैसा लागलाच, पण जे पैशाने भरून येत नाही तेही गेले. औषधोपचार व बसून राहिलेल्या महिन्यांची मजुरी आम्ही दिली. हे भूषण म्हणून सांगत नाही. ते आमचे देणे होते. तो मुलगा चार महिन्यांनी काठीवाचून चालू लागला. डावा पाय अद्याप किंचित ओढतो.

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून गेले. वळचणीची वीस-पंचवीस कौले उडाली. कैच्या जागच्या हलल्या नाहीत. कौले बसविण्यास मिस्त्री आले, त्यांच्याबरोबर पुतण्याही आला. त्याने शिडी लावण्यापूर्वी तिचा पाय दोनदा तपासला, वरचे टोक वाशास बांधले व मग आमच्याकडे पाहून विचारले, “भाऊ, घाई नाही ना?” आम्ही म्हटले, “नाही.” हे उत्तर आम्ही पाच महिने उशिरा दिले.

ज्या वाचकांच्या घरी येत्या हिवाळ्यात छपराचे काम निघणार असेल, त्यांस आमची एक विनंती आहे. पंचांग उघडण्यापूर्वी मिस्त्रींस बोलावून विचारावे की, धिऱ्यांस व परांचीस किती दिवस हवेत. ते सांगतील त्यात एक दिवस आपण होऊन मिळवावा. आणि खर्चाची वही घालताना चिरे, लाकूड, कौले ह्यांच्या वर, पहिल्या पानावर, ‘धिरे व परांची’ असे एक खाते घालावे. आमच्या वहीत ते आता आहे.